मिठाचं पाणी

बाबा, आज सकाळी शेजारच्या सुनेचा हात मी इतक्या जोरात खेचला की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. तिच्याकडे रंगकाम चालू आहे. पोराने टर्पेंटाइनचा घोट घेतला आणि ती त्याच्या घशात बोट घालत होती. "ओकवू नको त्याला, दवाखान्यात चल!" म्हणून मी ओरडले. पोरगं वाचलं. घरी आले, आणि राग आला तो तुमचा. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, पण माझा राग काही तुमच्याबरोबर जळला नाही.

बालाघाटजवळ भरवेलीच्या खाणीत तुम्ही फर्स्ट-एडवाले होतात. थोड्या दिवसांचं ट्रेनिंग, एक हिंदी पुस्तिका आणि लाल क्रॉसचा पत्र्याचा डबा, एवढ्यावर कॉलनीत तुमचा रुबाब डॉक्टरपेक्षा जास्त. कुणाला विंचू चावो, कुणी भाजो, माणसं आपल्या दारात. धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या एका पोराला तुम्ही मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं आणि ते जगलं. तेव्हापासून कुठल्याही विषावर तुमच्याकडे तेच एक औषध. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

तो रविवार होता. तुम्ही अंगणात सायकलची चेन धुताय. घासलेट ओतलंय पितळी पेल्यात, आपण सगळे पाणी प्यायचो त्याच पेल्यात. आई म्हणते, "पेल्यात काहून घेता जी? पोरगी पिऊन टाकन." तुम्ही म्हणता, "तू मले शिकवू नको." आणि उरलेल्या घासलेटाचा पेला रांजणाशेजारी ठेवून चहाला आत येता. धाकटी दोन वर्षांची, बाहेर ऊन मरणाचं, तिला तहान लागलेली. ठसका ऐकून आपण धावलो तेव्हा पेला तिच्या हातात होता आणि झबलं भिजलेलं. "मीठ आन!" तुम्ही माझ्यावर ओरडलात. मी आणलं. आई म्हणत होती, "दवाखान्यात न्या जी, आधी दवाखान्यात न्या." तुम्ही तिला कोपराने ढकललंत, धाकटीचे गाल दाबून मिठाचं पाणी तिच्या घशात ओतलंत. ती ओकली, पुन्हा ओकली, आणि मग तिचा श्वास वाजायला लागला. तेव्हा कुठे तुम्ही खाणीचा ट्रक थांबवलात.

बालाघाटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कानातली नळी तिच्या छातीला लावून ऐकलं आणि विचारलं, "उल्टी किसने कराई? मिट्टी के तेल में उल्टी नहीं कराते, तेल फेफड़ों में चला जाता है." तुमच्या सदऱ्यावर फर्स्ट-एडचा बिल्ला होता. तुम्ही म्हणालात, "इसकी माँ ने, साहब. अनपढ़ है." आईने तुमच्याकडे पाहिलं फक्त. धाकटी तिसऱ्या दिवशी गेली.

त्यानंतर कॉलनीतल्या बाया आईजवळ आपली पोरं ठेवीनाशा झाल्या. "हिनंच मारली पोरगी," असं नळावर तिच्या पाठीमागे बोलायच्या, तिला ऐकू जाईल इतकं मोठ्याने. तुम्ही मात्र डबा घेऊन मिरवत राहिलात. आई तोच डाग घेऊन गेली. तुम्ही गेल्यावर मी तो डबा उघडला. पुस्तिकेत घासलेटाच्या पानावर 'उल्टी न कराएँ' असं छापलेलं होतं आणि त्याखाली तुमच्या पेन्सिलची लाल रेघ होती. ती आधीची असेल तर तुम्ही वाचून विसरलात. नंतरची असेल तर कळूनही आईला एका शब्दाने सोडवलं नाहीत. मी नर्स म्हणून जन्म काढला, चुका करणारी शेकडो माणसं पाहिली, कितीकांना समजावलं, धीर दिला. तुम्हाला माफी नाही.

पण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुमचं उत्तर डॉक्टरांना पटलं नसावं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "क्यों बेटी, माँ ने कराई?" तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. तुम्ही तो दाबलाही नव्हता. मी नऊ वर्षांची होते, सगळं पाहिलेलं होतं.

"हौ," मी म्हणाले.

आई शेजारीच उभी होती. पुढे ती वीस वर्षं जगली, त्याबद्दल मला तिने कधी विचारलं नाही. हा कागद मी चुलीत घालणार आहे. तो खरं तर तिच्या नावाने लिहायला हवा होता. तेवढी माझी छाती नाही, म्हणून तुम्हाला लिहिला.