मधला घास थंडा

पिंपळटोला, ता. वडसा
१९ नोव्हेंबर

संघप्रियाच्या मायले रामाजीचा जय भीम.

इथी सगळं बरं आहे. धान कापून झाला, चुरना करून दाने काढाचे बाकी आहे. तिकडं नातू आता बसाले लागला म्हने, आयकून बरं वाटलं.

घरात फोन असून कागद काऊन लिहून राह्यला, म्हनशीन. संघप्रिया फोन स्पीकरवर ठेवते. जावाई आयकते, नातू किंचाळते, अन् मी "सगळं मजेत" म्हनून मोकळा होतो. शेजारच्या कलाबाईचा राजदीप उद्या तुमच्याकडं पुन्याले चालला, त्याच्या हातात हा कागद देतो. मागल्या इतवारी पोरीनं मले जे इचारलं, त्याबद्दल लिहाचं आहे. पन आधी मशीनचं सांगतो.

जावायानं धाडलेल्या मायक्रोवेव्हचा मी आता मास्तर झालो. हसू नको. स्टीलची डेगची आत ठेवाची नाई, हे पहिल्याच दिवशी समजलं. अशा ठिनग्या उडाल्या का मी घराची मेन लाइनच बंद केली! प्लास्टिकचा डबा बी नाई. काचेचा वाटगा घ्याचा, झाकन जरासं उघडं ठेवाचं, वाफेले वाट पायजे. मधात एकदा काढून हलवा लागते, नाई त कडेले तोंड पोळते अन् मधला घास थंडाच राह्यते. उरलेला भात ओट्यावर पडू द्याचा नाई, फ्रिजात टाकाचा, अन् खाच्या वेळेस चांगली वाफ निघेपर्यंत तपवाचा. पोरगी म्हनते, एका वेळेस पुरन तेवढाच गरम करा. पन माह्या हातानं अजून दोघांचाच भात शिजते.

गावची मंडई झाली, जत्रा चांगली भरली. तुहा भाऊ सुकलू बायकोले घेऊन आला. मंडईचा पाहुना आपल्या घरून कधी उपाशी गेला नाई, म्हनून मी सकाळीच रस्सा करून अंडे उकडून ठेवले होते. अंडे थंडे झाले, त सोलून तसेच मशीनीत ठेवले. काय सांगू बाई, धाडकन आवाज! मशीनचं दार आपसूक उघडलं, पिवळं सारं भितीवर अन् माह्या मिशीवर. सुकलू हसून हसून लोळला. मी बी हसलो. मंग तो म्हने, "भाऊजी, बाई घरात नाई त मंडई कायची? चाला कलाबाईकडं." ते जेवाले तिकडं गेले. मी भीत पुसत बसलो. मंडईच्या रातच्या नाटकाले बी गेलो नाई. तुह्याशिवाय मांडवात बसाले चादर कोनासाठी टाकू? गालावर जरासं पोळलं होतं, ते तुले सांगनार नवतो. आता बरं आहे.

अजून एक. जेवन गरम झालं का ते मशीन टिन टिन करते, दार उघडेपर्यंत थांबून थांबून बलावते. या घरात मले जेवाले बलावनारं दुसरं कोनी नाई. कधी भूक नसली तरी लावतो. रिकामं चालवाचं नाई म्हनून आत पान्याचा कप ठेवतो.

आता इतवारचं. संघप्रियानं इचारलं, "बाबा, बाळ शाळेत जाईपर्यंत आई इथंच राहिली तर तुम्हाला चालेल ना?" मी म्हनलो, "चालन ना, मशीन आहे." तू फोनच्या बाजूलेच होती, तुह्या बांगड्या आयकू येत होत्या. एक शब्द बोलली नाई.

ते खोटं होतं, बायना. मले नाई चालत. बाळाले कोनी पायजे हे समजते मले, मी काही दगड नाई. थंडीभर राह्य, होळीपर्यंत राह्य, नाई त मले तिकडं बलाव, मी बाळाचे लंगोट धुतो. पन शाळेचं नाव काढू नको.

तुह्या मनात तिथंच राहाचं असन, त राजदीपजवळ निरोप दे. स्पीकरवर नको सांगू. तुह्या गप्प राहन्याचा अर्थ मले अजून लागला नाई.

दुसऱ्या ताटाचा भात रोज गाईले घालनारा,
रामाजी