चपलांपाशी मीच का

आबा, आणि वर मलाच म्हणतो कसा तुमचा लाडका लेक, "अक्का, तुझ्याएवढा भरवसा कोणावर नाय, तूच बस." बावन्न वर्षांची बाई मी, दोन जावई आले मला, येवल्याहून अडीच तास एसटीत धक्के खात आलेली, आणि भर पंचवटीत, सीता गुंफेसमोर, बावीस माणसांच्या चपलांच्या ढिगापाशी मला बसवून सगळं खटलं आत गेलं. तुमचं नाक पोरात उतरलं नाही, तुमचा कामाचा हात उतरला नाही, ही खोड तेवढी बरोबर उतरली. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली म्हणजे मी सोडून दिलं असेल असं वाटलं असेल तर चुकलात. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाहीये, लिहितेय. नातीची वही आहे, चार बुकं शिकलेला हात आहे, अक्षर वाकडं आलं तर तुम्ही मान वाकडी करून वाचा. अहो-जाहो करतेय ते सवयीनं, मानानं नाही.

झालं असं की भावाच्या पोरानं फोनवर सगळ्या घरादाराचा ग्रुप काढला आणि त्यावर टाकलं, श्रावणातल्या रविवारी सगळ्यांनी नाशकात जमायचं. पुण्याहून धाकटी बहीण, मुंबईचे चुलते, खान्देशातल्या आत्याची पोरं, सगळे. आदल्या दिवशी सातपूरच्या आपल्या घरी, भावाकडे, जेवण आणि रविवारी मिनीबस करून आबांनी दाखवलं तसं नाशिक बघायचं. बसला पुढे कापडी फलक, त्यावर तुमचा टोपीतला फोटो आणि खाली "आबांच्या वाटेने". मी तो फलक बघितला आणि मला हसूच आलं. नातेवाइकांत तुमचं नाव अजून त्याच गोष्टीसाठी निघतं. आठवडाभर कारखान्यात मशीनला चिकटलेला माणूस, घरात तोंडातून शब्द नाही, मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवणार. पण रविवारी पाहुणे आले की वाचा फुटायची. नाशकात घर म्हटल्यावर पाहुण्यांना काय तोटा. कोणाचं रामकुंडावर काम, कोणाचं नवीन लग्न, कोणी नुसतंच यायचं. तुम्ही धुतलेली पँट घालायचे, खांद्यावर पंचा टाकायचे, आणि इकडं चला, तिकडं चला करत वरात घेऊन निघायचे.

त्या वरातीत मी असायची. प्रत्येक वेळी असायची, म्हणूनच सगळ्यांना वाटतं की मी नाशिक बघितलंय. आई चुलीशी, मी चपलांशी. भाऊ तुमचं बोट धरून आत जायचा, धाकटी तुमच्या कडेवर आत जायची, आणि मला पायरीच्या कडेला बसवून तुम्ही म्हणायचे, "इथून हलायचं नाही." पाच-सहा वर्षांची असेन तेव्हापासून. मला नाशिक विचाराल तर मी चपलांवरून सांगेन. मुंबईच्या बायकांच्या सँडलला समोर चकचक आणि टाच घासलेली. खान्देशच्या माणसांच्या वहाणांत काळी माती मुरलेली, कितीही झटका, जात नाही. नव्या नवरीची चप्पल नेहमी एका नंबरानं मोठी, कारण ती सासूनं आणलेली. आतून घंटा ऐकू यायची, मग तुमचा आवाज, मग सगळे खदाखदा हसायचे. ते कशाला हसतात ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाहेर येऊन तुम्ही माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवायचे, खोटं कशाला बोलू. पण आत काय सांगितलं ते कधी नाही सांगितलं.

आणि ती थप्पड. तुमच्या फोरमनचं बिऱ्हाड आलं होतं, तुम्ही सकाळपासून बुटाला पॉलिश करणाऱ्यासारखे वाकत होता. त्यांची पोरगी माझ्याच वयाची, नऊ-दहा वर्षांची, पायात पांढरे सँडल, बक्कल असलेले. आम्ही गोदेच्या काठावरच्या एका देवळात गेलो. म्हणजे तुम्ही गेलात. बाहेर येऊन बघता तर एक सँडल नाही. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली दिली. "वेंधळी! धा चपला सांभाळता येत नाही?" मग माझ्या पायातल्या काढायला लावल्या आणि त्या पोरीला दिल्या. तिच्या पायाला त्या लहान होत्या, तरी दिल्या. वैशाखातलं डांबर, मी बसथांब्यापर्यंत फलकाच्या सावलीतून, झाडाच्या सावलीतून उड्या मारत आले, आणि फोरमनची बायको म्हणाली, "बघा, कशी खेळतेय." तुम्ही आम्हाला बसमध्ये बसवून दिलं आणि स्वतः मागे राहिलात. संध्याकाळी घरी आलात तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. आईनं विचारलं, तर म्हणालात, नळावर हात धुतले. आठ दिवसांनी माझ्यासाठी लाल चपला आणल्या, माझ्यापुढे टाकल्या आणि म्हणालात, "आता ह्या तरी सांभाळ." आणि त्याच रविवारी नवे पाहुणे आले आणि त्याच लाल चपला घालून मी परत बाहेर बसले. त्या जूनपासून शाळाही बंद. कोणीतरी विचारलं तर तुम्ही हसत म्हणालात, "चपलांच्या जोड्या लावायला चार बुकं लय झाली."

आता मला सांगा आबा, वेंधळी होते तर पुढच्या रविवारी परत मलाच का बसवलं? आणि भरवशाची होते तर मारलं का? दोन्ही एकदम कसं होईल? थोरली म्हणून म्हणाल, तर थोरलीला आधी आत न्यायचं असतं. हा प्रश्न मी बेचाळीस वर्षं घेऊन फिरतेय. तुम्ही आजारी होता तेव्हा विचारणार होते, तर तुम्हाला पाणी पाजायला बसवलं मला. तेव्हाही खोलीबाहेर तुमच्या चपला होत्या आणि येणारे-जाणारे माझ्याकडेच बघून म्हणायचे, "जरा लक्ष ठेव गं."

तुमच्या त्या चपलांना आता पादुका म्हणतात, ठाऊक आहे का? भावानं सागवानी पेटी केलीय, आत लाल मखमल. अंगठा तुटलेल्या, टाच झिजलेल्या कातडी वहाणा, त्यातल्या डावीचा अंगठा मीच काळ्या दोऱ्यानं दाभणानं शिवलेला. रविवारी सकाळी पेटी उघडून त्यानं सगळ्यांना पाया पडायला लावलं. बावीस जणांनी डोकं टेकवलं. मुंबईच्या चुलत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही वाकले, लोक बघत होते. मनात म्हणाले, सांभाळल्या ना मी लोकांच्या, आता तुमच्याही मलाच पुजाव्या लागतायत.

पहिल्यांदा पांडवलेणीला गेलो. तिथं मी खाली बसमध्ये बसले, माझे गुडघे खरंच दुखत होते, त्यात कोणाचा दोष नाही. वरून आल्यावर भावाचा पोरगा फोनमध्ये वाचून सांगत होता की तिथं पांडव कधी राहिलेच नाहीत, ती बौद्ध भिक्षूंची लेणी. धाकटी म्हणाली, "पण आबा तर भीम कुठं झोपायचा ते दाखवायचे." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. एवढी वर्षं आत नेऊन लोकांना खोटं सांगत होता. बरं झालं मी बाहेर होते. मग बसमध्ये पोरानं माझ्या हातात माईक दिला. "आत्या, तू तर आबांबरोबर सगळ्यात जास्त फिरलीस. सीता गुंफेत काय सांगायचे गं ते?" सगळी बस माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं, "मला माहीत नाही." तो हसला, "अगं लाजतेस काय?" मी म्हटलं, "लाजत नाय. मी आत गेलेच नाय कधी." धाकटी खिडकीबाहेर बघायला लागली. तिला माहीत होतं. मग वहिनी म्हणाली, "असं कसं होईल, विसरला असाल वन्सं," आणि माईक पुढच्या सीटवर गेला. मला वाटलं, चला, निदान आता तरी कोणी म्हणेल की अक्का, आधी तू चल.

गुंफेपाशी उतरलो. भाऊ तुमच्यासारखी टोपी घालून पेटी घेऊन उभा, आणि त्याला आठवलं की चामडं आत नेता येत नाही. इकडे बघतो, तिकडे बघतो, आणि पेटी माझ्या मांडीवर. ते भरवशाचं वाक्य. सगळ्यांनी माझ्यापुढे चपला काढल्या, बूट काढले, मोजे बुटात कोंबले, आणि गेले. धाकटी जाताना म्हणाली, "येते हं लगेच." बावन्न वर्षांची झाले तरी मी तिथंच, आबा. तीच पायरी म्हणा. फरक एवढाच की ह्या खेपेला तुमच्याही माझ्याकडेच होत्या.

मी पेटी उघडली. तुमच्या चपला काढल्या आणि त्या ढिगात टाकल्या, पोरांच्या चिखलाच्या बुटांच्या मधोमध. पेटीची कडी लावून ती बाजूच्या फुलवालीच्या फळीवर ठेवली. तिला म्हटलं, "टोपी घातलेला माणूस येईल, त्याला दे." ती म्हणाली, "आणि चपलांकडं कोण बघणार मावशी?" मी म्हटलं, "ज्याच्या त्यानं." आणि रांगेत लागले.

बघितली तुमची सीता गुंफा. आधी वाकून, मग बसून, मग सरकत. माझ्यापुढे एक धिप्पाड बाई अडकली होती, मागून कोणीतरी "जय श्रीराम, पुढं चला" करत होतं, गुडघ्यांनी आई आठवली. आत दिवा, मूर्ती, ओला वास, आणि उभं राहायला जागा नाही. एवढंच? एवढ्यासाठी हसत होता सगळे? हात जोडायला गेले आणि मनात काय आलं सांगू? सीता नाही, राम नाही. बाहेर तुमच्या चपलांना कोणी हात तर नसेल लावला? तिथं सुद्धा तुम्ही मला आत येऊ दिलं नाही. त्याबद्दल तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

बाहेर आले तर आपली माणसं निघण्याच्या बेतात. सगळ्यांनी आपापलं पायात घातलेलं, आणि मोकळ्या जागेत माझी जोडी आणि तुमच्या दोन चपला तेवढ्या उरलेल्या. भाऊ पेटी छातीशी धरून उभा. वाळलेलं कातडं, त्याला वजन ते काय, कळलंच नाही त्याला. माझ्यावर खेकसला, "अक्का, जागा सोडून कुठं गेलीस? हे असं ठेवायचं व्हय?" आणि खाली बघून म्हणाला, "आन् ह्या कुणाच्या फाटक्या मधी आल्यात?" आणि तुमच्या चपला त्यानं पायानं बाजूला सारल्या. सकाळी ज्यांच्यावर कपाळ टेकलं, त्या. बावीस माणसांत एकानंही ओळखल्या नाहीत. मी ओळखते, आबा. मी तुमची चप्पल हजार चपलांत ओळखेन. सगळे बसकडे वळल्यावर उचलल्या आणि पिशवीत घातल्या. पुढे दिवसभर सगळे रिकाम्या पेटीच्या मागे फिरले. सोमेश्वरला धबधब्यापाशी पेटी मध्ये धरून फोटो काढला. त्या फोटोत मी आहे, आणि पहिल्यांदा पोटभर हसतेय.

आता त्या चपला इथं येवल्यात माझ्या दारात आहेत, सगळ्यांच्या चपलांखाली, जिथं असायला हव्यात तिथं. हे पत्र कुठं पाठवू? सातपूरच्या पत्त्यावर टाकलं तर भाऊ फोडेल. घडी करून डाव्या चपलेखाली ठेवते. भाऊ सांगत फिरतो की तुम्ही दर गुरुवारी त्याच्या स्वप्नात येता. मग माझ्याकडे यायला काय झालं? नाशकात द्वारका चौकातून येवल्याची एसटी मिळते.

एक राहिलं. तो पांढरा सँडल चोरीला गेला नव्हता. मीच गोदेत फेकला. तुम्ही आत हसवत होता, सगळे हसले, आणि मी फेकला. पाण्यात जरा वेळ तरंगला, मग बक्कलच्या बाजूनं बुडाला. आईलाही नाही सांगितलं कधी. पण ती पँट, आबा. गुडघ्यापर्यंत कोण हात धुतं? तुम्ही पाण्यात उतरला होता. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत होतं तर तोंड उघडून बोलला का नाहीत, आणि परत बाहेर का बसवलंत, आणि त्या लाल चपला कशाच्या? भाऊ सर्वपित्री अमावास्येला पेटी उघडणार आहे. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मला उत्तर पाहिजे, माझ्या स्वप्नात, माझ्या घरी, चपला बाहेर काढून आत या आणि सांगा. नाहीतर ह्या दोन्ही मी आठवडे बाजारात ठेवून येईन, आणि ह्या खेपेला लक्ष ठेवायला कोणी नसेल.