बाबांचा प्रश्न

नायगाव, शनिवार, ऑगस्ट २००४

आज बाबांना विद्यापीठात नेलं, तेच चुकलं का? आमच्या वाचनगटाने जागतिकीकरणावर चर्चा ठेवली होती. परदेशातले एक प्राध्यापक बोलायला आले होते. गावची माणसंही आणा, असं आमचे सरच म्हणाले होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर बाबा उठले.

"इमारतींच्या भरावानं आमचा बांध फुटला. खाडीचं पानी शेतात शिरलं, लावलेलं भात सडलं. आता आम्ही कुनाकडं जायचं?"

मी ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तेवढं नीट. पाहुणे छातीवर हात ठेवून म्हणाले, ऐकून फार हेलावलो. टाळ्या वाजल्या. मग पुढचा प्रश्न.

टाळ्या कशाला? उत्तर तर कुणी दिलंच नाही. वर्षभर त्या गटात वाचतेय, मला तरी कुठे ठाऊक आहे?

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "त्यांनी लिवून घेतलं ना गं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या टाळ्या अजून कानातून जात नाहीत.

आत बाबा आईला सांगतायत, "ती मानसं शेत बघायला येतील. चांगल्या कपबश्या काढून ठेव."