अर्ध्या तासाचं काम

आल्फामा, लिस्बन
३० जून, रविवार दुपार

प्रिय ओतीलियाताई,

तुझं पाकीट गुरुवारी पोचलं. लक्झेंबर्गला तू, भावोजी आणि मुली खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. मीही बरा आहे. तळमजल्यावरच्या एर्मीनियाकाकूंचा गुडघा अजून धरलेलाच आहे, जीभ मात्र मोकळी आहे. तू त्यांची चौकशी केलीस असं सांगितलं तर म्हणाल्या, "चौकशी कसली करते? येऊन चेपून दे म्हणावं." संत अंतोनियोचा सण पार पडला. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांना अजून भाजलेल्या सार्डीन माशांचा वास आहे.

खुशाली संपली. आता रागावतो.

पाकिटात आईच्या घराच्या विक्रीचे कागद निघाले. मी राहतो त्या घराच्या. घर दोघांच्या नावावर, सह्या दोघांच्या लागतात. तुझी झालेली आहे, आणि माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहेस, म्हणजे मला जागा सापडावी. वर चिठ्ठी: "कोपनहेगनची एक दातांची डॉक्टर आहे, बिर्गिते नावाची. चार दिवस लिस्बनला आली आणि शहराच्या प्रेमातच पडली. असं प्रेम रोज मिळत नाही, आदेलिनो. सही कर आणि इकडे ये. आमच्याकडे वरची खोली रिकामीच आहे."

चार दिवस! ताई, चार दिवसांत माझा चुना धड सुकत नाही.

जूनमध्ये कुणीही प्रेमात पडेल. पिवळ्या ट्रामच्या रांगेत तासभर उभं राहायचं, वर चढून नदी बघायची, उसासे टाकायचे. जानेवारीत भिंतीतलं पाणी गादीत उतरतं तेव्हा ये म्हणावं. आपल्या जिन्यात सात बिऱ्हाडं होती, तुला नावानिशी आठवत असतील. आता दोन. उरलेल्या पाच दारांना आकड्यांचं कुलूप असलेल्या किल्ल्यांच्या डब्या टांगल्यात. दर तीन दिवसांनी नवे पर्यटक चाकांच्या बॅगा पायऱ्यांवर आपटत चढतात आणि मला जिन्यात बघून विचारतात, "तुम्ही कोण?" आता हाच प्रश्न मला माझ्याच स्वयंपाकघरात विचारला जावा अशी तुझी इच्छा. आणि कुणासाठी? जिला मी ओळखतही नाही अशा बाईसाठी.

शेवटचं वाक्य चुकीचं आहे. खोडत नाही, दुरुस्त करतो. चुकीचा तपशील मला दुसऱ्याच्या तोंडी सहन होत नाही, तर स्वतःच्या का व्हावा? त्या बाईला मी ओळखतो.

अकरा तारखेला मी त्या चढावरच्या हिरव्या इमारतीच्या शिडीवर होतो, निखळलेल्या टाइल्स बसवत. खाली एक गाईड पोरगा वीस माणसांना सांगत होता, "या टाइल्स पाचशे वर्षं जुन्या."

"एकशे साठ!" मी वरून ओरडलो. "पाचशे वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या भिंतींना कोण टाइल्स लावत होतं? तुझा पणजोबा?"

"काका, तुम्ही शिडी सांभाळा," तो म्हणाला. सगळे हसले आणि पुढे गेले. एकटी एक बाई थांबली. पांढरे आखूड केस, चष्मा, पायात शहाण्या माणसाचे बूट. तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

मी खाली उतरलो, ताई. तिथेच चुकलं.

चौथी पास माणसाला असा प्रश्न कोण विचारतं? मी तीस वर्षं दर रविवारी टाइल्सच्या संग्रहालयात वही घेऊन उभा राहिलो तेव्हा पहारेकरीसुद्धा जांभया देत. मी तिला टाइलची मागची बाजू दाखवली, मातीचा रंग दाखवला, हाताने ओढलेली निळी रेघ आणि साच्यातली रेघ वेगळी कशी ते दाखवलं. तिने मध्येच अडवून शंका विचारल्या, आणि शंका बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी मीच काम बंद ठेवलं. सणाची तुळशीसारखी ती रोपटी विकायला होती, कागदी फूल खोचलेली. ती वास घ्यायला वाकली तशी मी म्हणालो, "नाक नाही खुपसायचं. पानांवरून तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा."

"नाक लावलं तर झाड मरतं?"

"झाडाचं माहीत नाही. आमची आई मारायची."

ती इतकी हसली की माशाच्या शेगडीवरचा माणूस म्हणाला, "आदेलिनो, लग्नं जुळवणारे संत अंतोनियो यंदा तुला पावले वाटतं!" सार्डीन संपल्यावर खालचा तेल प्यायलेला पाव शेवटी खायचा असतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. मला ते आवडलं. म्हणजे या शहराच्या प्रेमात तिला पाडणारा कोण, हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल. तिला दिसलं ते सगळं माझ्या तोंडून दिसलं.

चौथ्या दिवशी मी तिला घरी आणलं. स्वयंपाकघरातली भिंत दाखवायला: फुलदाणी आणि दोन बाजूंना दोन पक्षी, छत्तीस टाइल्स, हाताने रंगवलेल्या. विद्यापीठाचे एक प्रोफेसर दोनदा येऊन गेले, फोटो काढून गेले, त्यांना काही दिसलं नाही. ही पाच मिनिटं उभी राहिली आणि डाव्या पक्ष्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. "ही एक उलटी बसली आहे. तुम्ही अख्ख्या शहराच्या चुका काढता, मग ही का ठेवलीत?"

मी म्हणालो, "वेळ मिळाला नाही."

टाइलबद्दल मी आयुष्यात बोललेलं हे एकमेव खोटं.

मग तिने विचारलं घर कुणाचं, आणि मी तुझा फोन नंबर कागदावर लिहून दिला. होय, मीच. ती घर मागेल हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं, माझं तू ऐकत नाहीस. एखादी परकी बाई फोनवर सांगेल की तुमच्या आईच्या घरात सकाळी ऊन कसं येतं, तर तुला यावंसं वाटेल. तुम्ही दोघींनी मिळून सौदा केलात.

तरी मी सही केली असती कदाचित. गुरुवारी तासभर पेन हातात होतं. मग शेवटचं पान वाचलं. कलम नऊ: "स्वयंपाकघरातील भिंत, उलटी बसलेली टाइल सरळ करून, ताब्यात द्यावी." आणि त्याच्या बाजूला तुझं अक्षर: "अर्ध्या तासाचं काम. तूच करून टाक."

त्या बाईवर माझा राग नाही. वाकडा दात दिसला की तिचा हात शिवशिवणारच. ताई, तू? तू विसरलीस?

तू चौदा वर्षांची होतीस, मी नऊ. रेडिओ लावून झाडू हातात घेऊन नाचत होतीस आणि दांडा भिंतीला लागला. टाइल सुटली आणि तू ती हवेत झेललीस. शेजारी गवंडी काम करत होता, त्याच्या घमेल्यातला मूठभर चुना मी पळवून आणला. तू टाइल दाबून बसवलीस. मी ओरडलो, "ताई, उलटी आहे!" आणि तू माझ्या तोंडावर चुन्याचा हात ठेवलास. "गप. आई जिन्यात आलीय."

आई आली. माशांची रिकामी टोपली उतरवली. भिंतीकडे बघितलं, आपल्या दोघांच्या पांढऱ्या हातांकडे बघितलं, आणि म्हणाली, "मान खाली घालून हसतोय बघा मेला. अगदी आपल्या ओतीलियासारखा."

इथपर्यंतचं तुला माहीत होतं. पुढचं मी सांगितलेलं नाही. तू लक्झेंबर्गला गेलीस त्या वर्षापासून आई त्या पक्ष्याशी बोलायची. चूल पेटवताना, "उठलीस का गं?" सूप ढवळताना, "जेवलीस का?" शेवटच्या महिन्यात तिला माझं नाव आठवायचं नाही, पण खुर्ची त्या भिंतीसमोर ठेवावी लागायची. नऊ वर्षांपूर्वी तू तिच्या मातीला आलीस आणि संध्याकाळच्या विमानाने परत गेलीस. स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नाहीस. मी तेव्हा चिडून बोललो नाही. मग राहूनच गेलं.

लिस्बनमध्ये एक टाइल वाकडी दिसली तर मला जेवण जात नाही. ही मी सत्तेचाळीस वर्षं रोज बघतो.

दर ऑगस्टला तू इथल्याच विमानतळावर उतरतेस, हे मला माहीत आहे. भाड्याची मोटार घेऊन सरळ उत्तरेला, भावोजींच्या गावी. विमानतळापासून आपलं घर आठ किलोमीटर. मी मोजलेलं आहे.

तेव्हा ऐक. कागद माझ्या टेबलावर आहेत, माझ्या सहीवाचून. या ऑगस्टला चार दिवस ये. चार दिवस पुरतात, हे डेन्मार्कच्या बाईने सिद्ध केलंय. चौथ्या दिवशी चुना मी कालवतो. टाइल तू काढ, तुझ्या हाताने, आणि सरळ बसव. अर्ध्या तासाचं काम. तुझ्याच्याने झालं, तर मी तिथल्या तिथे सही करीन आणि बॅग भरीन.

पेन्सिलीची फुली मी खोडून टाकली आहे. माझी जागा कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

जिन्यात पाऊल वाजलं की अजूनही गप्प होऊन ऐकणारा,
तुझा
आदेलिनो