फुगलेले कण

१० मार्च, मंगळवार. सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत गेले. दोन नमुने आम्लातून काढले, धुतले, चाळून ठेवले. साडेअकराला एक मेल आला. तो वाचून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षाने चामराजपेटला घरी आले. आता दुपारचे तीन वाजले आहेत.

सर, मेल तुमच्या कामाबद्दल आहे. दुसऱ्या गावच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एका बाईंनी तुमचा आनेकलच्या तळ्यावरचा लेख वाचला आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी तो लेख अजून वाचला जातो आणि आधाराला घेतला जातो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या आहेत. गवताचे परागकण काचेवर कशात बसवले होते, आणि काचा केल्यापासून किती दिवसांनी मापं घेतली. मेल नम्र आहे. पण हे दोन प्रश्न ज्याला सुचतात त्याला उत्तर बहुतेक आधीच माहीत असतं.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. तुम्ही बेळगावकडचे, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, कन्नड शहरातले मराठी. लॅबमध्ये तुम्ही सगळ्यांशी इंग्रजी नाहीतर कन्नड बोलायचात. मराठी फक्त माझ्याशी, आणि तीही रागवायचं नाहीतर टोचायचं असेल तेव्हाच. पहिल्या आठवड्यात मी 'जरा'च्या जागी कन्नड शब्द घालून "सर, स्वल्प थांबा" म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या मराठीला इडलीचा वास येतो." बाकीच्यांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघून हसले, कारण तुम्ही हसत होतात. घरी आईची भाषा होती ती. लॅबमध्ये ती तुमच्या तोंडून निघाली की मी हातातली काच खाली ठेवायचे.

तो शुक्रवार तुम्हाला आठवायचं कारण नाही. आईने सकाळी माझ्या वेणीत हातभर शेवंती माळली होती आणि मी तशीच कामावर आले. दुपारी तुम्ही माझी एक काच सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला होता. बराच वेळ बघत होता. मग मला हाक मारलीत. गाळाच्या खोलवरच्या थरातल्या त्या नमुन्यात एक काटेरी गोल कण होता, आणि त्याच्या आत गर होता. आम्लातून गेलेला कण पोकळ होतो. गर असलेला कण नंतर पडलेला असतो.

"लग्नाला आलीस की लॅबला?" तुम्ही मराठीत विचारलंत. "काढ ते."

मी सगळ्यांसमोर वेणीतून फुलं काढली. तुम्ही एक फूल काचेवर झटकायला लावलंत आणि मलाच बघायला बसवलंत. "ओळख पटली? तुझ्या घरचंच माणूस आहे." मी हो म्हणाले. "आता सगळ्या काचा धू. तीन महिन्यांच्या. उद्यापासून पुन्हा." तुम्ही बेसिनपाशी खुर्ची ओढून घेतलीत आणि मी शेवटची काच धुवेपर्यंत तिथे बसून पेपर वाचलात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला हळूच विचारलं, सर काय म्हणाले? मी म्हणाले, स्वच्छता ठेवा म्हणाले.

तुमचं बरोबर होतं. त्या दिवशी केलेल्या तीन काचा खराब होत्या. बाकीच्या चांगल्या होत्या, आणि हेही तुम्हाला माहीत होतं. त्या दिवसापासून मी केसात फूल माळलेलं नाही. आई वारेपर्यंत विचारत राहिली, डोकं दुखतं का गं फुलांनी.

तळ्याचं काम सुरू झालं तेव्हा आपण गाळात नळी ठोकून चिखलाचं लांब कांडं वर काढलं. तुम्ही म्हणालात, "तळापासून सुरू कर. सगळ्यात जुनं आधी बघू." तुम्हाला धीर नव्हता. म्हणून सगळ्यात खालच्या थरांच्या काचा आधी झाल्या, ग्लिसरीन जेलीत, आणि वर वर सरकत शेवटच्या काचा व्हायला दोन वर्षं लागली. मापं घ्यायची ती सगळी एकदम शेवटी. एका सकाळी तुम्ही सूक्ष्मदर्शकात बसवायची तुमची स्वतःची मोजपट्टीची भिंग-नळी माझ्या टेबलावर ठेवलीत. तुमच्या गुरूंनी तुम्हाला दिलेली. "तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे," तुम्ही म्हणालात. "मापं तू घे. मी बघणार नाही." हे इंग्रजीत म्हणालात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता.

खालच्या थरांतल्या गवताचे कण मोठे निघाले. रानगवताचा कण लहान आणि पेरलेल्या धान्याचा मोठा, असं धरून आपण चालत होतो. म्हणजे झाडांचे कण कमी व्हायच्या कितीतरी आधी तळ्याकाठी शेती होती. पाऊस कमी झाल्याने जंगल गेलं नाही, माणसाने ते तोडलं. तुम्ही आयुष्यभर हेच म्हणत आला होता आणि कोणी ऐकत नव्हतं. तुम्ही कागद हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिलात. मग शिपायाला पाठवून सगळ्यांसाठी म्हैसूरपाक मागवलात.

त्याच्या चार दिवस आधी तळाची एक काच माझ्या हातून फुटली होती. उरलेल्या नमुन्यातून मी नवी केली, आणि सवयीने तिचीही मापं घेतली. कण लहान होते. थर तोच, बाटली तीच, कण लहान. मी आणखी एक काच केली. तेच. मग मी समजले. जेलीत पडून राहिलेला कण हळूहळू फुगतो. तळाच्या काचा दोन वर्षं पडून होत्या, वरच्या नव्या होत्या. आपण शेती मोजली नव्हती, काचांचं वय मोजलं होतं.

मी ते माझ्या वहीत तारीख घालून लिहिलं आणि वही दप्तरात ठेवली. तुम्ही समोरून गेलात. "झालं का?" मी म्हणाले, झालं सर. चार दिवसांनी म्हैसूरपाकाचा तुकडा मी खाल्ला.

त्यानंतर तुम्ही लेख लिहिलात, छापून आला, तुम्हाला भाषणांना बोलावू लागले. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकायचे. तुम्ही पडद्यावर तो आलेख दाखवायचात आणि लोक माना डोलवायचे. प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बेसिनपाशी तुम्ही पेपरची पानं उलटत होता ते मला आठवायचं, आणि मी टाळ्या वाजवायचे.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी तुमच्या घरी आले, आणि काकू, तुमच्या पत्नी, म्हणाल्या, "बस की जरा त्यांच्याजवळ. तुझीच वाट बघत असतात." त्या बाहेर गेल्या. तुम्ही खूप बारीक झाला होता. "काय म्हणतंय आपलं तळं?" असं मराठीत विचारलंत, आणि रागावला नव्हता. मराठीत आणि न रागावता, असं बोलायची तुमची ती पहिलीच वेळ. मला गप्प बसता आलं असतं. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते.

मी सगळं सांगितलं. जेली, दोन वर्षं, फुटलेली काच. सावकाश सांगितलं, म्हणजे तुम्हाला नीट कळेल.

तुम्ही उशीवर मान माझ्याकडे वळवलीत. मग विचारलंत, "हे तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात, सर."

"बरं झालं बघितलंस," तुम्ही म्हणालात. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. मीच तळापासून सुरू करायला लावलं. छापून टाक तू. चूक माझी, असं लिही." आणि म्हणालात, "कुणी दुसऱ्याने धरली असती तर लाज वाटली असती." काकू आत आल्या तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते आणि गालावर पाणी होतं. त्यांनी मला विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, कामाचं बोलत होतो. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

मी ते छापलं नाही. छापायचं तर वहीतली तारीख दाखवावी लागली असती. माझी पदवी त्याच मापांवर होती, पुढे नोकरीही. खरं कळावं म्हणून मी तुम्हाला सांगितलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण ते फक्त तुम्हालाच सांगितलं, दुसऱ्या कोणालाच नाही, आणि तेही उठून काही करायची ताकद तुमच्यात उरली नव्हती तेव्हा.

हे लिहायला घेण्याआधी मी त्या बाईंना उत्तर पाठवलं. काचा ग्लिसरीन जेलीत होत्या. तळाच्या काचांची मापं दोन वर्षांनी घेतली. तो निष्कर्ष आता धरू नये. त्याखाली मी लिहिलं होतं की हे मला मापं घेतानाच कळलं होतं. ते वाक्य खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी लिहिलं की ही चूक सरांची होती आणि जाण्यापूर्वी त्यांनी ती स्वतः मान्य केली होती. तसंच पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. तुमचे सर फार मोठ्या मनाचे होते, असं त्यांनी लिहिलं आहे.

खोडलेलं वाक्य इथे लिहून ठेवलं. हा कागद कोणाला दाखवणार नाही.

गच्चीवर कपडे वाळले असतील. जाऊन काढून आणते.