खुर्चीतला खड्डा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज नातीचा, ऋताचा फोन, व्हिडिओवाला. "आजी, पाय दाखव ना." मी पातळ सावरून पाय पुढे केला. "तुझे नाही गं, खुर्चीचे!"

घ्या! माझे गुडघे एवढी वर्षं कुरकुरतायत, कुणी बघायला मागितले नाहीत. खुर्चीच्या पायांची चौकशी मात्र थेट बेंगळुरूहून!

म्हणे असल्या जुन्या खुर्च्यांना आता फार मान आहे. लोखंडी नळीची चौकट, हिरवं रेक्झिन, लाकडी हात. आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. इथे काशीत, दूधविनायकाच्या गल्लीतून हमालाच्या डोक्यावर आली, पाय वर करून. माझी वरात एवढ्या थाटाची नव्हती! हे तिच्यावर बसले ते बसलेच— गेल्या फाल्गुनात गेले तोवर. मी शेजारी पाटावर, वाती वळत.

ऋताला ती नव्या घरात हवीय. "तू तर कधी बसतच नाहीस तिच्यावर." खरं आहे. हो म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फोनातली ही सोय ऋतानेच करून दिली— मी बोलायचं, हा लिहिणार. मला अक्षर कळत नाही, तेव्हा काय लिहितो ते त्याचं त्याला ठाऊक. अगदी ह्यांच्यासारखा! तेही पेपर तोंडासमोर धरून, "हूं, ऐकतोय." भाजी करपली— हूं. गंगा गल्लीत शिरली— हूं. एकदा म्हटलं, अहो, मी मेले.

"हूं, ऐकतोय."

५ नोव्हेंबर, देवदीपावली

सगळी काशी घाटावर. घरी मी आणि खुर्ची. दोघी गप्प.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऋता म्हणाली, "गादीला खड्डा पडलाय गं, नवीन फोम भरून घेते." घे बाई. उद्या सामान बांधणारे येणार. खुर्ची ओल्या फडक्याने पुसली. पुसता पुसता तोंडातून गेलं, "अहो, भात लावू का?"

आज हूंसुद्धा नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी वाटलं, जायचीच आहे तर एकदा बसून बघावं. बसले— आणि डावीकडे कलंडलेच! खड्डा मधोमध नाहीच मुळी. सगळा डाव्या अंगाला. खुर्चीचा डावा हातही कोपराने झिजून पांढरा पडलेला. उजवा नवाकोरा.

उजवीकडे खिडकी. पेपरावर उजेड तिकडून यायचा. रेडिओही तिकडेच. मग जन्मभर हा माणूस डावीकडे कशाला वाकून बसला?

डावीकडे तर माझा पाट.

लबाड कुठले!

दुपारी

बांधणारे आले. "अम्मा, तनिक उठिए, कुर्सी बाँधनी है."

म्हटलं, "कुर्सी नहीं जाएगी भैया. अभी हमारी बात चल रही है."