दादाने ‘कबूल केलेले’ चार टक्के

तीर्थरूप दादास, धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमला तितकाच वाकून). तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनी तुला जिने चढू देत नाही, हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे कुणी कुणाला अडवत नाही, म्हणून तर हे पत्र.

लाँड्रीच्या बॉयलरवरून निवृत्त झाल्यापासून हे खिडकीशी बसून असायचे, ते तू पाहिलंसच. जेवायला हाक मारली तरी ‘हं’, नाही मारली तरी ‘हं’. मग एक दिवस त्यांना मागच्या गटारातून वाहणारं लाँड्रीचं कोमट पाणी दिसलं. ‘एवढी उष्णता फुकट चाललीय!’ म्हणत उठले ते थेट तुला फोन. तू जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेलं. बिचाऱ्याने खरं तेच सांगितलंस, की कोमट आणि गार पाण्यात फरक जेमतेम बारा अंशांचा, तेव्हा साक्षात ब्रह्मदेवाने यंत्र घडवलं तरी त्या उष्णतेच्या शंभर भागांतले फार तर चार विजेत उतरतील. तू मर्यादा सांगितलीस, ह्यांनी वचन ऐकलं. तेव्हापासून घरात एकच जप : ‘दादांनी चार टक्के कबूल केलेत.’ (माझ्या लग्नातही ह्यांनी तुझ्याकडे इतक्या हक्काने काही मागितलं नव्हतं.)

आता बाथरूममध्ये उष्णतेतून वीज काढणाऱ्या चकत्यांची चळत उभी आहे. तिच्या एका अंगाने कोमट पाणी, दुसऱ्या अंगाने टाकीतलं गार. अंघोळ ज्याने त्याने आपापली कुठे जमेल तिथे उरकायची. काल दिवा लागला. म्हणजे, काजव्यानेही ‘जरा मोठा करा’ म्हटलं असतं, असा. मी विचारलं, “पाणी फिरवणारे हे दोन पंप कशावर चालतात हो?”

“भिंतीतल्या प्लगवर. तात्पुरते.”

“मग दिवाच त्या प्लगवर लावला तर?”

“तुला शास्त्रातलं कळत नाही.”

दादा, मला तेवढंच तर कळलं!

रविवारी ह्यांनी बॉयलरवरच्या जुन्या सोबत्यांना यंत्र बघायला बोलावलंय. त्यांच्यापैकी कुणी हाच प्रश्न विचारला आणि सगळे हसले, तर हा माणूस पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल. मला त्याचीच धास्ती आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. : रविवारच्या आत ह्यांना फोन करून सांग, की चार टक्के हे वचन नव्हतं. तुझं ऐकतील.

आणखी ता. क. : फोन करू नकोस. आत्ता बाथरूममधून ह्यांची शीळ ऐकू आली, किती दिवसांनी! त्यापेक्षा रविवारी तूच ये आणि सगळ्यांच्या आधी पंपाचं तूच विचार. सोबत्यांनी विचारलं तर ती फजिती, तू विचारलंस तर परीक्षा. आणि उत्तर शोधायला मुदत दे. भरपूर दे.